अमेरिकेत गेल्यावर नावाजलेल्या हॉटेलांसमोर रांगेत उभं राहावं का?

खडीसाखर
उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांचे बेत ऐकते. काय काय बघायचं याचा तासातासाचा हिशोब तयार असतो. खाण्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं: ठेपले नेतोय, आणि जवळपास एखादं इंडियन असेलच. मला हे मुळीच पटत नाही. तिथली काही हॉटेलं अशी आहेत की ती टाळली तर ते शहर निम्मंच बघितलं.

न्यू ऑर्लिन्सचं 'डूकी चेज' घ्या. १९४१ पासून एका कृष्णवर्णीय कुटुंबाचं. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवायला कायद्याने बंदी होती, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खोलीत नागरी हक्क चळवळीतली दोन्हीकडची माणसं गंबो (तिथला दाट रस्सा) खात पुढचे बेत आखायची. मार्टिन ल्यूथर किंग तिथे येऊन गेलेत. २००५ च्या कतरीना वादळात हॉटेलात पाणी भरलं. हॉटेल सांभाळणाऱ्या लीआ चेजबाईंनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती, तरी दोन वर्षांनी हॉटेल पुन्हा सुरू झालं. ओबामांनी चव न बघताच गंबोत हॉट सॉस घातला, तर बाईंनी त्यांनाही सुनावलं. अशा ठिकाणी तासभर थांबावं लागलं तर खुशाल थांबावं.

तिठा
इतिहास मान्य. पण पानात काय पडतं तेही बघा की. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या 'फ्रँकलिन बार्बेक्यू'समोर लोक सकाळपासून खुर्च्या टाकून बसतात. कशासाठी, तर ब्रिस्केट, म्हणजे बीफ. न्यूयॉर्कचं 'कॅट्झ' १८८८ चं. नाव आहे ते पास्ट्रामीसाठी, तेही बीफच. तुमच्या गंबोत सॉसेज. आपल्याकडे घरात दोघं तरी शाकाहारी असतात आणि बाकीच्यांतले बरेच बीफ खात नाहीत. आई-बाबांना रांगेत ताटकळत ठेवून शेवटी बटाट्याचं सॅलड खायला घालायचं?

शिवाय बिल. न्यूयॉर्कात टॅक्स ८.८७५ टक्के, वर टिप २० टक्के. १०० डॉलरचं जेवण १३० च्या घरात जातं. चार माणसांचं कुटुंब असेल तर हा विचार करावाच लागतो. त्यापेक्षा जॅक्सन हाइट्सला जाऊन नेपाळी-तिबेटी मोमो खावेत. तेही न्यूयॉर्कच आहे, आणि तिथे राहणारी माणसं रोज खातात ते.

ओलाकाजू
तिठा, बीफ न खाणाऱ्याने कॅट्झला जाऊ नये, हे बरोबरच. पण खाणाऱ्याला अडवू नका. दारात एक तिकीट हातात देतात, ते जपायचं. हरवलं तर दंड. मग काउंटरवर आपल्याला हवा तो कापणारा गाठायचा. कित्येक दिवस मसाल्यात मुरवून, धुरावून, मग वाफवलेला तो मांसाचा तुकडा माणूस हातातल्या सुरीने कापतो आणि पहिला काप बशीत टाकून आपल्यापुढे सरकवतो, चव बघायला. यंत्रावर कापलेल्या मांसाला ती जाडी आणि तो मऊपणा येतच नाही. तो माणूस बशी पुढे करतो ना, तिथेच रांगेचे पैसे वसूल होतात.

आणि मासेखाऊंसाठी सॅन फ्रान्सिस्कोचं 'स्वॉन ऑयस्टर डेपो' आहे, १९१२ चं. १८ स्टुलं, एक लांब काउंटर, बस्स. आम्हा मालवणकडच्यांना कालवं नवीन नाहीत, पण आम्ही ती शिजवून खातो. इथे लिंबू पिळून कच्ची. एकदा तरी खाऊन बघाच.

खडीसाखर
शाकाहाऱ्यांनाही दारं बंद नाहीत हो. सॅन फ्रान्सिस्कोतच 'ग्रीन्स' आहे, १९७९ मध्ये तिथल्या झेन सेंटरने काढलेलं, पूर्ण शाकाहारी, खिडकीतून गोल्डन गेट दिसतो. न्यू हेवनला 'फ्रँक पेपे', १९२५ पासून कोळशाच्या भट्टीतला पिझ्झा. तिथला 'टोमॅटो पाय' (म्हणजे टोमॅटोचा साधा पिझ्झा) मागवा: कडा करपलेल्या, वर टोमॅटो आणि किसलेलं चीज, मॉझरेला सांगितलं तरच. आई-बाबा आनंदाने खातील.

रानजाई
'इंडियन असेलच' या वाक्यावर तुमचा राग का, ते मला कळलं नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिलचं 'चाय पानी' २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कारांत (अमेरिकेतल्या हॉटेलांसाठीचे मानाचे पुरस्कार) देशातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट ठरलं. तिथे मिळतं काय? भेळ, वडापाव, कुरकुरीत तळलेली भेंडी. चालवणारे मेहेरवान इराणी आपल्या नगरला वाढलेले. रस्त्यावरचं खाणं तिथल्या पंचतारांकित मंडळींच्या पंगतीत मानाने बसलं, याचा मला फार अभिमान वाटतो. मराठी माणसाने तिथे वाट वाकडी करून जावं.

तिठा
वडापाव खायला ॲशव्हिलला? दादरला राहणाऱ्याने तरी जाऊ नये. तिकडेच वाढलेल्या नातवंडांना मात्र जरूर न्यावं, त्यांच्यासाठी ते मोलाचं आहे. ग्रीन्स आणि पेपेचं पटलं, बहिणीला आजच कळवतो. फ्रँकलिनच्या रांगेला माझा विरोध कायम: टेक्सासच्या उन्हात सत्तरीच्या माणसांना उभं करू नका.

खडीसाखर
मग त्यांना घरी आराम करू द्या आणि तुम्ही जा.