सोसायटीतल्या जुन्या सायकली दान करायच्या आहेत, कुठे आणि कशा?

मुलुंडकर:
सोसायटीच्या पार्किंगमध्ये 26 जुन्या सायकली धूळ खात पडल्या आहेत. दहाएक लहान मुलांच्या, सात-आठ गिअरवाल्या, बाकी साध्या लेडीज सायकली. भंगारात घालायला जीव होत नाही. परदेशातल्या संस्था जुन्या सायकली गोळा करून आफ्रिकेत पाठवतात असं वाचलं. मुंबईतून तसं जमेल का? की जव्हार-मोखाड्याकडच्या शाळांना द्याव्यात? देण्याआधी काय काय करून घ्यावं?

फ्रीव्हील:
आफ्रिकेचा विचार सोडा. 40 फुटी कंटेनरमध्ये चारशे ते पाचशे सायकली बसतात आणि अमेरिका-ब्रिटनमधल्या संस्था त्याच हिशोबानं गोळा करतात. 26 सायकलींना जहाजाचं भाडं परवडणारच नाही. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या जुन्या सायकलींचे पार्ट तिकडे मिळत नाहीत, ही मोठी अडचण. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत काम सुरू केलेली वर्ल्ड बायसिकल रिलीफ तर जुन्या सायकली देतच नाही. 'बफेलो' नावाची एकाच घडणीची दणकट नवी सायकल देते आणि सोबत गावातले मेकॅनिक तयार करते.

आपणही तेवढं एक सूत्र धरावं: जव्हारच्या बाजारात जिचा टायर मिळतो, तीच सायकल जव्हारला पाठवायची.

आधी मुख्याध्यापकांना फोन करा. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सरकारकडून सायकल मिळते. तिथे कदाचित सायकलींपेक्षा ट्यूब-टायरची गरज जास्त असेल. किती मुलं, किती उंचीची, शाळा किती लांब, हे विचारून घ्या. 16 आणि 20 इंची सायकली शाळेच्या वाटेला कामाच्या नाहीत. त्या जवळच्या बालवाडीला किंवा वस्तीतल्या मुलांना द्या.

पाना_१५:
आता निवड. टायरवर छापलेला बारीक आकडा वाचा, नुसतं '26 इंच' बघून फसू नका. टायर रिमवर बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये बघा: लेडीज सायकलचा 26 × 1⅜ म्हणजे 590 आणि गिअरवाल्या जाड टायरचा 26 म्हणजे 559. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. तसंच काळ्या सायकलीचा 28 × 1½ म्हणजे 635, तो 700 सी (हायब्रिड आणि रेसिंग सायकलींचं माप) च्या 622 रिमवर ढिला पडतो. 27.5 आणि 29 ची चाकं तालुक्याला पाठवू नका, टायर फाटला की सायकल घराच्या भिंतीला टेकून राहते.

मग गंज. मुंबईच्या खाऱ्या हवेत स्पोक (चाकाची तार) आधी निपलपाशी, म्हणजे रिमजवळच्या छोट्या नटापाशी, गंजून खातो, वरून चकचकीत दिसला तरी. दोन-दोन स्पोक हातात धरून आवळून बघा. दोन-चार तुटले तर बदलता येतात, पण बोटांच्या दाबानं एकापाठोपाठ तुटायला लागले तर चाक बाद. स्टीलच्या फ्रेममध्ये अल्युमिनियमचा सीटपोस्ट जाम झाला असेल आणि तेल सोडून रात्रभर ठेवूनही हलत नसेल, तर ती सायकल पार्टसाठी बाजूला काढा. चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) वाकलेला किंवा फ्रेमच्या जोडाला चीर असेल तर सरळ भंगार.

चेन पट्टीनं मोजा. एका पिनपासून पुढच्या चोविसाव्या पिनपर्यंतचं अंतर बरोबर 12 इंच हवं. 1/16 इंच वाढलं असेल तर चेन बदला, 1/8 वाढलं असेल तर फ्रीव्हीलसकट (मागच्या चाकाच्या दातेरी चकतीसकट), नाहीतर नवी चेन जुन्या दातांवरून उड्या मारते.

ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळं खोलून, साफ करून, नवं ग्रीस भरून परत जोडणं, प्रत्येक सायकलीचं करायचंच. बहुतेक साध्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) पुढे 3/16 इंचाचे दहा-दहा आणि मागे 1/4 चे नऊ-नऊ छर्रे दोन्ही बाजूंना असतात. जुने परत घालू नका. कोनाला (छर्रे ज्यावर फिरतात त्या एक्सलवरच्या नटाला) खड्डे पडले असतील तर नुसत्या ग्रीसनं दोन महिनेही निघत नाहीत.

ब्रेकबद्दल कळकळीनं सांगतो, तिकडे उतार आहेत. पावसात स्टीलच्या रिमवर रबर घसरतं आणि ब्रेक जेमतेम लागतो. अल्युमिनियम रिमच्या सायकली उताराच्या वाड्यांना द्या, स्टीलच्या सपाटीच्या गावांना. पुढचा ब्रेक निघालेली सायकल देऊच नये.

मुलुंडकर:
गिअरवाल्या सायकली सिंगल, म्हणजे एकाच गिअरच्या, करून द्याव्यात का? आणि सोबत काय द्यावं?

पाना_१५:
मागचा एक्सल बसतो ती खाच आडवी असेल तर बिनधास्त करा, चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा भाग) काढू नका. चेन सैल पडून निघत राहील. शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) आणि केबल काढा, डिरेलरवरचा 'H' खुणेचा स्क्रू आत पिळा म्हणजे डिरेलर लहान चकतीवरून थोडा आत सरकून एका जागी राहील. पुढे मधली चकती ठेवा. डिस्क ब्रेकची सायकल मात्र टाळा, पॅड तिथे मिळत नाहीत.

दहा सायकलींमागे दहा ट्यूब, चार टायर, ब्रेक रबरच्या वीस जोड्या, ब्रेक वायर, दोन चेन, व्हॉल्व ट्यूब (व्हॉल्ववर चढवायची बारीक रबरी नळी), दोन पंप, पाने आणि पंक्चरचं सामान द्या. सोल्यूशनच्या छोट्या ट्यूबा घ्या, उघडलेली मोठी वाळून जाते. काळबादेवीला हे सगळं घाऊक मिळतं.

वाशीची_सई:
कागदांचं विसरू नका. पार्किंगमधली सायकल बेवारस दिसली तरी कुणाची तरी असते. प्रत्येकीला क्रमांकाची चिठ्ठी लावा, फोटो काढा, तारखेसह नोटीस लावा आणि मुदत संपल्यावर कमिटीचा ठराव करा. मालक सापडला तर दोन ओळींचं संमतिपत्र घ्या. बीबीच्या, म्हणजे क्रँकचा (पॅडलच्या दांड्यांचा) एक्सल फिरतो त्या आडव्या नळीखाली बहुधा फ्रेम नंबर ठोकलेला असतो. तो यादीत लिहा, शाळेकडून त्याच यादीवर पोच घ्या. आणि 80 जीची (देणगीवरची आयकर) सवलत वस्तूंच्या दानावर मिळत नाही, सभासदांना आधीच सांगा.

छोट्या हत्तीत पॅडल काढून आणि हँडल आडवं फिरवून दहा-बारा सायकली धरा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं सुटतं. उलट जोर लावला की क्रँकचे आटे जातात. दोन सायकलींमध्ये पुठ्ठा घाला आणि डिरेलरची बाजू एकमेकांवर येऊ देऊ नका.

तिथल्या सायकल दुकानदाराशी महिन्याभरानंतरच्या एका तपासणीचे पैसे आधीच ठरवा. नवीन भरलेले स्पोक बसून थोडे ढिले पडतात, वायरी सैल होतात, कॉटर पिनचे (क्रँक एक्सलला पक्का धरणाऱ्या खिळीचे) नट ढिले होतात. तेवढे आवळले नाहीत तर क्रँक हलायला लागतो आणि पिन कापली जाते.