मदत हवी आहे: माइनस्वीपरची स्पर्धा, पण चीटिंग कशी रोखू?

मंडळी, नमस्कार. सोलापुरात गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत सात रस्त्याजवळ मित्राच्या बंद पडलेल्या कॅफेत माइनस्वीपरची (सुरुंग टाळत चौकोन उघडायचा विंडोजमधला जुना गेम) स्पर्धा घेतोय. विंडोज एक्सपीवाले तीन जुने पीसी सुरू झालेत (माऊस मात्र भंगारच). बक्षीस शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा डबा, त्यामुळे पोरं लई पेटलीत!

पहिली अडचण: एक्सपर्ट लेव्हलला 16 बाय 30 चौकोनांत 99 सुरुंग. शेवटी बऱ्याचदा दोनपैकी एक चौकोन अंदाजानं उघडायची वेळ येते. तिथं उडाला तर त्यात खेळाडूचा काय दोष? म्हणून 16 बाय 16, 40 सुरुंगांचं इंटरमीडिएट ठेवावं का? प्रत्येकाला पाच डाव देऊन सगळ्यात कमी वेळ धरला तर चालेल? एकाला सोपी पाटी मिळते, दुसऱ्याला किचकट, त्याचं काय करायचं?

दुसरी: 'एक्सवायझेडझेडवाय' टाईप करून शिफ्ट-एंटर दाबलं की स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला एक ठिपका काळा-पांढरा होऊन माऊसखालच्या चौकोनात सुरुंग आहे का ते सांगतो. आमच्यातल्या एकाला हे पाठ आहे, नाव नाही घेत. कीबोर्ड काढून ठेवला तर पुरेल ना?

कुणी अशी स्पर्धा घेतली असेल तर सांगा राव.