शब्दचर्चा: इमारतीच्या आत माणूस किंवा वस्तू कुठे आहे हे सांगणाऱ्या यंत्रणेला मराठीत काय म्हणावे?

वाटसरू

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयात 'इनडोअर पोझिशनिंग'ची यंत्रणा बसते आहे. व्हीलचेअर, इन्फ्युजन पंप, ईसीजी मशिन, ऑक्सिजन सिलिंडर यांवर छोटे टॅग लागणार. रात्रपाळीच्या सिस्टरांना आणि विसरभोळेपणामुळे वॉर्डाबाहेर भटकणाऱ्या वृद्ध रुग्णांनाही टॅग दिले जाणार. कर्मचाऱ्यांसाठी मराठी पुस्तिका लिहायचे काम माझ्याकडे आहे.

भाषांतर होऊन आलेल्या मसुद्यात 'आंतरिक स्थिती निर्धारण प्रणाली' आणि 'मालमत्ता अनुमार्गण' असे शब्द आहेत. वॉर्डात 'स्थिती' म्हणजे रुग्णाची तब्येत. 'स्थिती निर्धारण' वाचून एका सिस्टरांना वाटले की रुग्ण गंभीर आहे की स्थिर, ते हे यंत्र सांगणार. 'आंतरिक' आपण तळमळीबद्दल किंवा इच्छेबद्दल बोलतो, इमारतीबद्दल नाही. पोझिशन, लोकेशन, ट्रॅकिंग, ॲसेट, टॅग, ॲक्युरसी यांना वापरात टिकतील असे शब्द सुचवा. इंग्रजी शब्द तसाच ठेवायलाही माझी हरकत नाही, पण कुठे ठेवावा आणि कुठे नाही, हे ठरवायचे आहे.

मोजपट्टी

मी अशा यंत्रणांची आखणी करतो, म्हणून आधी कामाचे सांगतो. 'स्थान' आणि 'ठिकाण' हे दोन शब्द पुस्तिकेत कटाक्षाने वेगळे ठेवा. स्थान म्हणजे आकड्यांतली जागा: इमारतीच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून पूर्वेला १२.४ मीटर, उत्तरेला ३१ मीटर. ठिकाण म्हणजे नाव असलेली जागा: पुरुष वॉर्ड, खोली क्रमांक ७, लिफ्टसमोरचा पॅसेज.

उघड्या रस्त्यावर दोन मीटरची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. इमारतीत तीच दोन मीटर भिंतीच्या पलीकडे नेऊन सोडतात. पंप शेजारच्या खोलीत असतो आणि सिस्टर या खोलीत शोधत राहतात. वरच्या दिशेला तीन मीटर चुकले तर मजलाच बदलतो. त्यामुळे 'किती मीटरपर्यंत अचूक' हा प्रश्न रुग्णालयात दुय्यम आहे. 'खोली बरोबर सांगते का' हा पहिला.

उपग्रह इथे का चालत नाहीत, हेही पुस्तिकेत दोन ओळींत लिहा, कारण 'मोबाइलमधला मॅप चालतो ना, मग हे वेगळे कशाला?' असे हमखास विचारतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून पोचणारा संदेश उघड्यावरच अतिशय क्षीण असतो. काँक्रीटचा स्लॅब त्याला आणखी दाबतो. खिडकीतून जो शिरतो तो भिंतींवर आपटून, लांबच्या वाटेने येतो, आणि वाट लांबली की काढलेले अंतरही चुकते.

हा स्थान-ठिकाण भेद या क्षेत्रात सुरुवातीपासून आहे. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी 'ॲक्टिव्ह बॅज' ही यंत्रणा उभी केली. तिच्यावरचा त्यांचा लेख १९९२ चा. अंगावर लावलेला बॅज दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून स्वतःचा क्रमांक सांगायचा आणि खोलीत बसवलेला संवेदक तो टिपायचा. आलेला फोन, माणूस ज्या खोलीत असेल तिथे जोडून देणे हा त्यामागचा एक मोठा उपयोग. अवरक्त किरण भिंतीतून आरपार जात नाहीत, आणि हीच त्या यंत्रणेची ताकद होती. मीटर तिला ठाऊक नव्हते, पण खोली ठाऊक होती. नंतर केंब्रिजमध्येच 'बॅट' नावाची श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर चालणारी यंत्रणा झाली. तिने काही सेंटीमीटरपर्यंत जागा सांगितली. पहिली ठिकाण सांगायची, दुसरी स्थान.

म्हणून तांत्रिक भागात 'इमारतीतील स्थाननिश्चिती' लिहा. वॉर्डासाठीच्या पानांत सरळ 'ठिकाण'. 'ठिकाण दाखवणारी यंत्रणा' एवढे पुरे आहे.

पारिजात

'स्थळ' कोणी सुचवले तर घेऊ नका. 'स्थळ शोधणे' म्हणजे लग्नासाठी शोधणे, हा अर्थ इतका पक्का आहे की दुसरा डोक्यात येतच नाही.

ॲसेटबद्दल मी सांगू शकते, कारण सरकारी रुग्णालयाचे भांडार मी बरीच वर्षे सांभाळले. हिशेबाच्या कागदांत या शब्दाला 'मत्ता' आहे, सहकारी संस्थांच्या जुन्या ताळेबंदांत 'जिंदगी' दिसते, आणि शाळा-कचेऱ्यांत तर 'जडवस्तू संग्रह नोंदवही' असतेच. तिन्ही शब्द मालकी सांगतात: ही वस्तू संस्थेची आहे, तिची किंमत अमुक, ती अमुक साली आली. ती आत्ता कुठे आहे, हे त्यांतला एकही सांगत नाही. आमच्या नोंदवहीत व्हीलचेअर वर्षानुवर्षे 'अपघात विभाग' या रकान्यात असायची. प्रत्यक्षात ती एक्स-रेच्या दाराशी, नाहीतर रुग्णाला सोडायला गेटपर्यंत गेलेली. वार्षिक पडताळणीला ती हजर झाली की नोंद बरोबर ठरायची. जी वस्तू दिवसभर फिरते तिला 'जडवस्तू' म्हणत आलो, आणि रात्री दोनला पंप लागला की वॉर्डबॉयला चार वॉर्ड पालथे घालायला लावले.

वॉर्डात कोणी 'मालमत्ता' म्हणत नाही. 'उपकरण' म्हणतात, 'सामान' म्हणतात, बहुतेक वेळा वस्तूचे नावच घेतात. पुस्तिकेत 'उपकरण' ठेवा. आणि क्रियापद 'सापडणे' घ्या. 'पंप सापडत नाही' हे वाक्य रोज ऐकू येते. यंत्रणा त्याच वाक्याचे उत्तर आहे. 'मालमत्ता अनुमार्गण' या शीर्षकाऐवजी 'उपकरण कसे शोधावे' असे लिहिले तर ते पान उघडले जाईल.

टॅगसाठी: वस्तूवरच्या टॅगला टॅगच म्हणा. माणसाच्या अंगावरच्याला मात्र 'बिल्ला'. रेल्वेच्या हमालाचा बिल्ला, शिपायाचा बिल्ला असे आपण म्हणतच आलो आहोत. बिल्ला माणूस स्वतः लावतो आणि स्वतः काढतो. टॅग वस्तूला दुसरे कोणीतरी लावते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

कोनाडा

पारिजातताईंच्या शेवटच्या वाक्यापासूनच 'ट्रॅकिंग'कडे जाता येते. यादीतला सर्वांत अवघड शब्द तोच आहे. इंग्रजीत तो एक आहे, मराठीत त्या जागी निदान तीन आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

'ठावठिकाणा' म्हणजे आत्ता कुठे आहे ते. 'ठावठिकाणा लागला' म्हटले की शोध संपला. 'माग' म्हणजे कुठून कुठे गेला त्याची ओळ. पावलांचा माग, जनावराचा माग. माग 'काढतात', आणि ज्याचा काढतात तो समोर नसतो. 'पाळत' मात्र 'ठेवतात'. तिच्यात संशय आहे, आणि ती ज्याच्यावर ठेवली जाते त्याला बहुधा न सांगता ठेवली जाते.

आता यंत्रणेकडे बघा. तीच बिल्ल्याची नोंद फक्त शेवटची ठेवली आणि आधीची पुसली, तर तो ठावठिकाणा. सगळ्या नोंदी साठवल्या की माग. त्या साठ्यावरून 'सिस्टर चहाला किती वेळ गेल्या' असा तक्ता निघाला की पाळत. उपकरण एकच, बॅटरी एकच. फरक साठवणीत आणि वापरात. 'ट्रॅकिंग' हा शब्द तिन्ही झाकून टाकतो, म्हणून माणसांच्या बाबतीत तो पुस्तिकेत येऊच देऊ नका. इथे मराठी आणलेच पाहिजे, कारण वाचणाऱ्याला आपल्याबाबत काय होणार आहे हे कळले पाहिजे.

यात कायद्याचाही भाग आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्या २२ भाषांत मराठी आहे. म्हणजे तुमच्या पुस्तिकेतली भाषा उद्या कोणाच्या तरी संमतीचा आधार होऊ शकते. 'अनुमार्गण' न समजता केलेल्या सहीला मी संमती मानणार नाही.

मोजपट्टी

कोनाडा यांच्याशी पूर्ण सहमत. केंब्रिजच्या त्या बॅजमध्ये अंधार पडला की, म्हणजे तो ड्रॉवरमध्ये ठेवला की, जवळजवळ गप्प बसण्याची सोय होती. आजच्या बिल्ल्यांतही बटण द्यायला हवे, आणि ते कुठे आहे हे पुस्तिकेत चित्रासह दाखवायला हवे.

'ॲक्युरसी'ला 'अचूकता' बरोबर आहे, पण कशाची अचूकता ते सोबत लिहा. 'खोलीची अचूकता', 'मजल्याची अचूकता', 'मीटरमधली अचूकता'. तिन्ही वेगवेगळ्या मार्गांनी मिळतात.

मीटरमधली अचूकता अवघड का, ते सांगतो. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जाते. घड्याळ दहा नॅनोसेकंद चुकले की तीन मीटर गेले. आवाज मात्र एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे वेळ मोजायला जवळजवळ दहा लाख पट सवड. बॅटला सेंटीमीटर जमले ते यामुळे. आता अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ वापरतात. त्याचे स्पंद इतके आखूड असतात की सरळ आलेली लहर आणि भिंतीवरून उसळलेली लहर वेगवेगळी ओळखता येते.

वाय-फायवर चालणारी यंत्रणा असेल तर बहुधा 'फिंगरप्रिंटिंग' हा शब्द येईल. त्याला 'सिग्नलचा ठसा' म्हणा. २००० साली परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात 'रडार' या नावाने हे दाखवले: मजल्यावर जागोजागी सिग्नलची तीव्रता आधी नोंदवायची, मग नव्या नोंदीशी जुळणारी जागा शोधायची. निम्म्या वेळा चूक सुमारे तीन मीटरच्या आत राहिली. प्रत्येक जागी चार दिशांना तोंड करून त्यांनी नोंदी घेतल्या, कारण माणसाचे शरीर हेच मोठा अडथळा आहे. शरीरातले पाणी २.४ गिगाहर्ट्‌झची लहर शोषते. बिल्ला छातीवर असेल आणि सिस्टरांनी पाठ फिरवली तर ठसा बदलतो. लोखंडी कपाट हलवले तरी बदलतो. 'कपाटे हलवल्यास कळवावे' ही सूचना म्हणूनच लागते, आणि 'ठसा' शब्द वापरला की तिचे कारणही चटकन समजते.

मजल्याबाबत एक धोका. आपला 'पहिला मजला' तळमजल्याच्या वरचा. अमेरिकी सॉफ्टवेअरमध्ये तळमजलाच पहिला असू शकतो. यादी भरताना एकाचा फरक राहिला तर सगळी उपकरणे एक मजला वर दिसतील. मुंबईकडचे कर्मचारी 'माळा' म्हणतील, तेही चालेल. आकडा मात्र जिन्यातल्या पाटीवरचाच घ्या. मजला ओळखायला हवेचा दाब वापरतात. दर मीटरला तो साधारण ०.१२ हेक्टोपास्कल उतरतो, म्हणजे मजल्यामागे जेमतेम एक तृतीयांश हेक्टोपास्कल. हवामानाने दिवसभरात त्याहून जास्त फरक पडतो, त्यामुळे तुलनेसाठी इमारतीतच एक दाबमापक कायमचा ठेवावा लागतो.

उंबरठा

'माग' या शब्दाची बाजू मांडायला आलो आहे, कारण वरच्या चर्चेत तो संशयितांच्या रांगेत उभा राहिला.

३ डिसेंबर १९९९ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात ओस पडलेल्या एका शीतगृहाला आग लागली. खिडक्या जवळजवळ नाहीत, आत धूर, खोल्यांची गुंतागुंत. आत कोणी बेघर लोक अडकले असावेत म्हणून शोधायला गेलेले अग्निशमन दलाचे दोन जवान वाट चुकले. त्यांना शोधायला गेलेले आणखी चार परतले नाहीत. सहा जवान गेले. त्याच शहरातल्या वूस्टर पॉलिटेक्निकने पुढे इमारतीतल्या जवानांचा ठावठिकाणा कळावा म्हणून संशोधन हाती घेतले.

अशा ठिकाणी छताला आधी बसवलेले काहीच नसते आणि असले तरी आगीत टिकत नाही. म्हणून यंत्र माणसासोबतच आत जाते. एक पद्धत बुटात बसवलेल्या संवेदकाची: प्रत्येक पावलाचा वेग आणि दिशा मोजून वाट जुळवत नेतात. लहान चुका साठत जाऊन वाट भरकटते. पण पाऊल जमिनीवर टेकते त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो, हे धरून दर पावलाला हिशेब दुरुस्त करतात. हा शब्दशः पावलांचा माग आहे. इथे फक्त ठावठिकाणा पुरत नाही. आत गेलेला कोणत्या वाटेने गेला ते कळले, तरच बाहेरचा त्याच वाटेने त्याच्यापर्यंत पोचतो. अग्निशमनाच्या मराठी साहित्यात 'माग' निःसंकोच वापरावा. भटकणाऱ्या वृद्ध रुग्णांसाठीही तोच योग्य ठरेल. त्यांच्या घरच्यांना आजी कुठून कुठे गेल्या हे हवेच असते.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. उपकरण, टॅग, ठिकाण आणि सिग्नलचा ठसा हे शब्द घेतले. आजी-आजोबांसाठी 'माग', नातेवाइकांच्या सहीनंतर. सिस्टरांच्या पानावरचा मजकूर असा केला आहे, तपासून द्या:

'हा बिल्ला तुम्ही कोणत्या खोलीत आहात एवढे कळवतो. तो तुमचे बोलणे ऐकत नाही. मदतीचे बटण दाबल्यास तुमचे ठिकाण सुरक्षारक्षकाला दिसते. पाळी संपली की बिल्ला खोक्यात ठेवावा. तुम्ही कुठे कुठे गेलात याचा माग साठवला जात नाही.'

कोनाडा

भाषा चोख आहे. शेवटचे वाक्य छापण्याआधी यंत्रणा बसवणाऱ्यांकडून लेखी घ्या. नोंदी समजा सात दिवस राहत असतील तर 'सात दिवस राहतात, नंतर पुसल्या जातात, या काळात अमुक अधिकारी त्या पाहू शकतात' असेच लिहा.

पारिजात

आणि 'खोक्यात ठेवावा' ऐवजी 'खोक्यात ठेवा' करा. वरच्या ओळींत तुम्ही त्यांच्याशी बोलता आहात, मध्येच परिपत्रक नको.