टाळेबंदी, ले-ऑफ, कपात: नेमकं काय लिहायचं?

पुस्तिकावाली:
मंडळी, शुक्रवारपर्यंत एक काम द्यायचंय आणि चार शब्दांनी जीव खाल्लाय. आपल्या सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्याची कामगारांसाठीची पुस्तिका मराठीत करतेय. शब्द: लॉकआउट, ले-ऑफ, रिट्रेंचमेंट, क्लोजर. लॉकआउटला सरळ 'टाळेबंदी' लिहिलं. तिथल्या तिशीतल्या एचआरवाल्यानं त्याभोवती लाल गोल काढून विचारलं, "मॅडम, यात कोरोना कुठून आला?" ले-ऑफला 'कामगार कपात' लिहिलं होतं. घरी वडिलांना वाचून दाखवलं, तर चष्मा काढून म्हणाले, "कपात झालेला माणूस परत येत नाही गं. ले-ऑफवाला येतो." वडील तीस वर्षं गिरणीत होते, त्यांच्याशी वाद घालायची माझी टाप नाही. पण मग शब्द कोणता?

साळखाता:
वडिलांना नमस्कार सांगा. टाळेबंदी हा मूळचा कामगारांचा शब्द. मार्च 2020 मध्ये पेपरवाल्यांनी तो लॉकडाउनसाठी उसना नेला आणि परत काही केला नाही. लॉकडाउनमध्ये माणूस आत कोंडलेला, लॉकआउटमध्ये बाहेर काढलेला. एका शब्दात दोन्ही कसे मावणार? गंमत म्हणजे 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात लॉकआउटसाठी खरोखरचं टाळं लागतही नव्हतं. मालकानं काम थांबवलं किंवा माणसांना कामावर ठेवायला नकार दिला की झाली टाळेबंदी.
ले-ऑफचं वडील म्हणतात ते सोळा आणे खरं. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, तयार माल तुंबलाय, यंत्र मोडलंय, म्हणून काम देता येत नाही. पण हजेरीपटावर नाव आहे. तो ले-ऑफ. नाव गेलं की कपात, म्हणजे रिट्रेंचमेंट.

चाटी_गल्ली:
टाळेबंदीवरून आठवलं. आमच्या ओळखीच्या एका पतसंस्थेनं वार्षिक अहवालावर 'ताळेबंद'ऐवजी 'टाळेबंद' छापलं होतं. सकाळी नऊला ठेवीदार दारात हजर!

भाषाभान:
मुळात इंग्रजी शब्दांची ही लाचारी कशाला? लॉकआउटला 'द्वाररोध', ले-ऑफला 'अर्धवेतनी विराम', क्लोजरला 'उद्योगसमाप्ती'. सुटसुटीत आहेत. सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज हसतं का कुणी?

पूर्वभाग:
द्वाररोध वाचून आमच्या यंत्रमागावरचा माणूस विचारेल, गेटात म्हैस बसलीय काय बे? पुस्तिका कामगारासाठी आहे ना?
आमच्या घरात ले-ऑफ शब्द कुणी वापरल्याचं आठवत नाही. 'बसवलं' म्हणायचे. सूत आलं नाही, चार दिवस बसवलं. 'कमी केलं' म्हणजे कपात. 'काढलं' म्हणजे काहीतरी भांडण करून आलाय. आज्जी बिड्या वळायची, तिच्या वाट्याला तर 'बसवलं'सुद्धा नव्हतं. "पानं आली नाहीत", बस्स एवढंच. मजुरी हजार बिड्यांवर, त्यातून छाट, म्हणजे नापास बिड्या, निघाली तर तेवढी गेली. पानच नाही तर कसला ले-ऑफ आणि कसला पगार.

भोंगा:
'बसवलं'ला माझंही मत. पण घरी बसवलं असं समजू नका. माझे वडील त्या दिवसांतही डबा घेऊन पहिल्या पाळीला जायचे. फाटकाशी मुकादमाला तोंड दाखवायचं, हजेरी लागली की उलट पावली घरी. तसं नाही केलं तर त्या दिवसाची भरपाई बुडायची. भरपाई म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी. आई डब्यात रोजच्यासारख्या तीन भाकऱ्या घालायची आणि साडेआठला आम्ही त्या सगळे मिळून घरातच खायचो. लहानपणी मला तो सणच वाटायचा.

साळखाता:
मुंबईच्या गिरण्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या नियमावलीत, ले-ऑफच्याच अर्थानं 'प्लेड ऑफ' असा शब्द होता. म्हणजे इंग्रजी तरी कुठे एक आहे?

हैद्रा_वेस:
हल्ली आणखी घोळ झालाय. पुण्यात आयटीत असलेला भाचा परवा फोनवर म्हणाला, मामा, ले-ऑफ झाला. मी म्हटलं, मग परत कधी बोलावणार? दोन मिनिटं बोललाच नाही. कायद्याच्या भाषेत ती कपात. पण त्या पोरांमध्ये ले-ऑफ म्हणजे कायमचा नारळ. पुस्तिका वाचणारे पंचविशीतले असतील तर त्यांना वडिलांचा ले-ऑफ कळणार नाही, उलट घाबरतील.

भोंगा:
विषय निघालाच आहे तर 'संप' हा शब्द 'संपणे'वरून आला का? चुलते म्हणायचे, संप केला आणि गिरणी संपली, शब्दातच लिहिलंय.

चाटी_गल्ली:
साफ चूक. गुजरातीत संप म्हणजे एकोपा. आमच्या गल्लीतले गुजराती व्यापारी भावाभावांना 'संपीने रहो' असा आशीर्वाद देतात. कामगार एकत्र आले तो संप.

साळखाता:
आणि चुलत्यांना सांगा, 18 जानेवारी 1982ला मुंबईत दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगारांनी पुकारलेला संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. संपणं त्या शब्दाच्या नशिबातच नाही.

भोंगा:
संप नाही संपला, गिरण्या बंद पडल्या. तेच म्हणतोय मी.

साळखाता:
पडल्या की पाडल्या?

भोंगा:
आमच्या घरात या एका काना-मात्रेवरून वडील आणि चुलते दहा वर्षं एका पंगतीला बसले नाहीत. मी यात पडत नाही.

पूर्वभाग:
आज्जी मराठीतसुद्धा 'सम्मे चाललाय' म्हणायची. तेलुगूत संपाला सम्मे. त्यात एकोपा नाही, संपणं नाही, काही नाही, नुसतं काम बंद.

हैद्रा_वेस:
कन्नडमध्ये मुष्कर. एकाच बसथांब्यावर तिन्ही ऐकू येतात आपल्याकडे.

भाषाभान:
आणि 'हरताळ' शब्द मराठीतून का हद्दपार झाला? चांगला सात्त्विक शब्द.

चाटी_गल्ली:
सात्त्विक? 'नियमांना हरताळ फासला' यातला हरताळ म्हणजे सोमलाची पिवळी पूड. पोथीतली चुकलेली अक्षरं तिनं पुसत. दुकानांचा हरताळ वेगळा, तो हाटाला ताळा. दोन्ही एकाच नावानं फिरतात म्हणून लोक गोंधळतात.

साळखाता:
गोंधळ लोकांचा कमी, शब्द फिरवणाऱ्यांचा जास्त. 2021-22मध्ये एसटीवाल्यांनी काय म्हटलं आठवतंय? हा संप नाही, दुखवटा आहे. आत्महत्या केलेल्या सहकाऱ्यांचा दुखवटा. संपाला कायदा अडवतो, दुखवट्याला कोण अडवणार? तिकडे 2020च्या औद्योगिक संबंध संहितेनं उलटं केलं. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तीही संपच. एकानं संपाला दुखवटा म्हटलं, दुसऱ्यानं रजेला संप.

भाषाभान:
म्हणूनच म्हणतो, शब्द नेमके हवेत. द्वाररोध घ्या, कुणाला फिरवता येणार नाही.

पूर्वभाग:
फिरवायला आधी उच्चारता यायला पाहिजे ना साहेब.

पुस्तिकावाली:
शुक्रवार होऊन गेला, म्हणून कळवते. लॉकआउटला शेवटी 'मालकाने केलेली टाळेबंदी' लिहिलं. ले-ऑफ तसाच ठेवून पुढे एक ओळ घातली: 'काम नसल्याने काही दिवस बसवणे, नाव हजेरीपटावर राहते'. वडील खूश. एचआरवाल्यानं टाळेबंदी सोडली, पण 'बसवणे'ला लाल गोल काढला. म्हणे, ऐकायला बरं वाटत नाही, 'विश्रांती' करा.

भोंगा:
विश्रांती?! निम्म्या पगाराची?

चाटी_गल्ली:
बरं, ते मुष्करचं राहिलंच. आपला 'मुश्कील' त्याच्याच घरातला का हो?