एका खेळीला तीन दिवस: ऑनलाइन कॉरस्पॉन्डन्स डाव नेमके कसे खेळावेत?

शिरोली_पाळी (प्रश्न)

नमस्कार. मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत काम करतो आणि आमच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. त्यामुळे रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धांना नाव नोंदवणे जवळजवळ अशक्य झाले आहे आणि रात्रपाळीहून आल्यावर दहा मिनिटांचे डाव खेळण्यात समाधानही लाभत नाही. म्हणून लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर एका खेळीला तीन दिवस अशी मुदत असलेले कॉरस्पॉन्डन्स डाव सुरू केले आहेत. खेळ मनापासून आवडतो आहे, परंतु काही गोष्टींबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिला प्रश्न सचोटीचा आहे. डाव चालू असताना प्रारंभाच्या खेळ्यांचे पुस्तक उघडणे किंवा जुन्या डावांचा संग्रह पाहणे म्हणजे परीक्षेत कॉपी करण्यासारखेच आहे, असे माझे एक सहकारी ठामपणे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. दुसरे असे की, दोन दिवसांनी पट उघडला की मागच्या वेळी काय योजना आखली होती तेच आठवत नाही. मग चहाच्या सुटीत मोबाईलवर जी खेळी बरी दिसते ती खेळली जाते आणि तीन दिवसांच्या मुदतीला काही अर्थच उरत नाही. एका वेळी किती डाव घ्यावेत आणि मुदत किती ठेवावी, हेही कृपया सांगावे.

मंगळवारपेठकर

आपल्या सहकाऱ्यांची शंका समोरासमोरच्या डावापुरती रास्त आहे, परंतु पोस्टाने खेळायच्या बुद्धिबळाला, ज्याचे हे डाव ऑनलाइन रूप आहेत, ती कधीच लागू नव्हती. मी तरुणपणी पोस्टकार्डांवर डाव खेळलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कार्डावर प्रतिस्पर्ध्याची शेवटची खेळी पुन्हा उतरवायची, तिच्याखाली आपले उत्तर लिहायचे आणि पत्र मिळाल्याची व उत्तर टाकल्याची अशा दोन्ही तारखा घालायच्या, अशी पद्धत होती. परदेशी खेळाडूशी भाषेची अडचण येऊ नये म्हणून घरांना आकडे दिलेले असत. ए ते एच या स्तंभांना १ ते ८ हे क्रमांक दिले, की राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवण्याची खेळी ‘५२५४’ अशी लिहिता येते आणि पांढऱ्याचा राजाच्या बाजूचा किल्लेकोट ‘५१७१’ असा होतो. दहा खेळ्यांना विचारासाठी तीस दिवस मिळत आणि टपालाच्या प्रवासात गेलेले दिवस त्यात धरले जात नसत.

एवढे दिवस पट घरातल्या टेबलावर मांडलेला आणि शेजारी पुस्तकांचे कपाट असताना ‘पुस्तक पाहू नका’ असा नियम करण्यात अर्थ नव्हता. या प्रकाराचा उद्देशच वेगळा आहे. पाठांतर किती आहे हे समोरासमोरच्या डावात कळते. येथे मात्र उपलब्ध ज्ञान हाताशी असताना माणूस स्थितीच्या तळापर्यंत किती जाऊ शकतो, हे पाहायचे असते. आंतरराष्ट्रीय कॉरस्पॉन्डन्स बुद्धिबळ महासंघ, म्हणजे आयसीसीएफ, १९५१ मध्ये स्थापन झाला आणि या प्रकारातील पहिले जगज्जेतेपद ऑस्ट्रेलियाच्या सेसिल पर्डी यांनी १९५३ मध्ये मिळवले. त्या काळापासून पुस्तकांचा अभ्यास हा या खेळाचा मान्य भाग आहे.

आता आजच्या नियमांविषयी, कारण येथे ठिकाणाप्रमाणे फरक आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. लिचेस आणि चेस डॉट कॉम या दोन्ही ठिकाणी दिवसांच्या मुदतीच्या डावात प्रारंभाची पुस्तके आणि डावांचे संग्रह पाहता येतात. स्टॉकफिशसारखे इंजिन, म्हणजे उत्तम खेळी शोधून देणारा संगणक प्रोग्रॅम, लावणे किंवा दुसऱ्या माणसाला खेळी विचारणे मात्र निषिद्ध आहे. चेस डॉट कॉमवर एंडगेम टेबलबेसलाही, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या स्थितींच्या आधीच काढून ठेवलेल्या अचूक उत्तरांच्या संग्रहालाही, मनाई आहे. याउलट आयसीसीएफच्या स्पर्धा २००४ पासून त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर होतात आणि तेथे इंजिनाचा वापर उघडपणे मान्य आहे. त्याचा परिणाम असा झाला आहे की, वरच्या पातळीवर बहुतेक सर्व डाव बरोबरीत सुटतात. तेथील खेळाडूंच्या चिकाटीविषयी मला आदर आहे, परंतु आपल्यासारख्या स्वतःच्या डोक्याने विचार करू इच्छिणाऱ्या माणसाने पुस्तक चालते आणि इंजिन चालत नाही अशाच ठिकाणी खेळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंचगंगाकाठ

डावांच्या संख्येबद्दल थोडक्यात सांगतो. नोकरी सांभाळून चार ते सहा डाव पुरेत. त्याहून अधिक घेतले की प्रत्येक पट उघडल्यावर ‘हा कोणता डाव?’ असा प्रश्न पडू लागतो. पाळ्या बदलत असतील तर तीनऐवजी पाच दिवसांची मुदत घ्यावी. लिचेसवर एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंतचे पर्याय आहेत. पावसाळ्यात मी स्वतः सात दिवसांखाली डाव घेत नाही. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि अनेक भागांत वीज नव्हती, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. अशा वेळी जिंकत आलेला डाव केवळ मुदत संपली म्हणून हातातून जाणे फार जिवाला लागते.

राजारामपुरी_शिक्षिका

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु आपला दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर मुदत वाढवून मिळणार नाही. मी शाळकरी मुलांना बुद्धिबळ शिकवते आणि त्यांतील मोठ्या मुलांना वर्षातून काही डाव मुद्दाम या पद्धतीने खेळायला लावते. त्यांना माझी एकच अट असते, ती म्हणजे प्रत्येक डावासाठी स्वतंत्र वही. खेळी पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी लिहायच्या: प्रतिस्पर्ध्याने शेवटची खेळी कशासाठी केली, मी कोणकोणत्या खेळ्या तपासल्या, आणि निवडलेल्या खेळीनंतर मला कशाची भीती वाटते. हा तिसरा मुद्दा सर्वांत उपयोगी पडतो. पुढच्या वेळी पट उघडताच आपली भीती खरी ठरली की नाही, हे आधी पाहिले जाते आणि तुटलेला धागा आपोआप जुळतो. मोबाईलवर फक्त प्रतिस्पर्ध्याची खेळी पाहावी. उत्तर घरी खऱ्या पटावर मोहरी मांडून, ती हलवून आणि शक्य असल्यास एक रात्र मध्ये जाऊ देऊन ठरवावे.

संग्रह पाहण्याविषयीही एक सावधगिरीची सूचना करते, कारण नवे खेळाडू तेथे प्रत्येक खेळीपुढे दिसणाऱ्या विजयाच्या टक्केवारीवर फार विसंबतात. ‘टू नाइट्स डिफेन्स’ या प्रारंभाचे उदाहरण घ्या. पांढरा चौथ्या खेळीला घोडा जी५ वर आणतो, काळा डी५ खेळतो आणि पांढरा ते प्यादे मारतो. सामान्य खेळाडूंच्या जलद डावांत काळ्याकडून पुष्कळदा घोड्याने ते प्यादे परत मारले जाते आणि मग एफ७ वर घोड्याचा बळी देऊन पांढरा भीषण हल्ला चढवतो. अशा डावांमुळे पांढऱ्याची टक्केवारी आकर्षक दिसते. परंतु ती टक्केवारी पुस्तक पाहू न शकणाऱ्यांविरुद्ध मिळालेली आहे. तुमचा प्रतिस्पर्धी तेच पान उघडून बसलेला आहे. तो ‘घोडा ए५’ ही भक्कम खेळी शोधणारच. म्हणून लिचेसवर २२०० आणि त्यावरील मानांकनाच्या खेळाडूंच्या डावांचा जो वेगळा संग्रह आहे, तो आधी पाहावा, आणि तोही खेळी उचलण्यासाठी नव्हे, तर ते डाव पुढे कसे गेले हे वाचण्यासाठी.

याच प्रारंभात या प्रकारातील एक अत्यंत गाजलेला डाव झाला आहे. १९६५ ते १९६८ या काळात चाललेल्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचे याकोव एस्ट्रिन पांढऱ्या बाजूने आणि अमेरिकेचे हान्स बर्लिनर काळ्या बाजूने खेळत होते. बर्लिनर यांनी पाचव्या खेळीला बी५ हे प्यादे पुढे टाकले. दहाव्या खेळीला पांढऱ्याने एफ३ खेळून जी४ वरच्या उंटावर हल्ला केला; डी४ वरचा काळा घोडा सी३ च्या प्याद्याच्या माऱ्यात आधीपासून होताच. दोन मोहरी अशी माऱ्यात असताना बर्लिनर यांनी एकालाही हात लावला नाही आणि ई-प्यादे शांतपणे ई४ वर सरकवले. पांढऱ्याने घोडा मारल्यावर त्यांनी उंट डी६ वर आणून जी३ च्या घोड्यावर रोख धरला. त्या घोड्याचा आधार असलेले एच२ चे प्यादे, एच४ वरच्या काळ्या वजिरामुळे आपल्या हत्तीसमोरून हलू शकत नव्हते. पुढे डाव हत्ती आणि प्याद्यांच्या अंत्यपर्वात गेला आणि तो बर्लिनर यांनी जिंकला. ती स्पर्धाही त्यांनीच जिंकली. आपण हा डाव पटावर मांडून दहाव्या खेळीपाशी थांबावे, उत्तर न पाहता दोन-तीन दिवस त्या स्थितीत घालवावेत. मुदतीचा उपयोग कसा करायचा, हे त्यातून जितके कळेल तितके माझ्या सांगण्यातून कळणार नाही.

शिरोली_पाळी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वहीची पद्धत या आठवड्यापासून सुरू करतो आणि नवे डाव पाच दिवसांच्या मुदतीने घेतो. आणखी एक शंका आहे. सध्याच्या एका डावात प्रतिस्पर्धी इतके अचूक खेळत आहे की, तो इंजिन लावत असावा असा संशय येतो. त्याच्या खेळ्या एकदा स्टॉकफिशवर तपासून पाहाव्यात का?

मंगळवारपेठकर

डाव संपेपर्यंत अजिबात नाही. हेतू केवळ तपासणीचा असला तरी त्या स्थितीवर इंजिन लावताच पुढची चांगली खेळी तुम्हालाही दिसते आणि नियमभंग तुमच्याकडून होतो. शिवाय तीन-तीन दिवस विचार करणारा, पुस्तक हाताशी असलेला प्रामाणिक खेळाडू बराच काळ अचूक खेळू शकतो, हेही लक्षात घ्यावे. चॅटमध्ये आरोप करू नये. डाव पूर्ण खेळावा, आणि त्यानंतरही संशय राहिला तर त्या संकेतस्थळावरील तक्रारीच्या सोयीतून कळवावे. तपासणीची साधने त्यांच्याकडे असतात. तुमचे स्वतःचे इंजिन-विश्लेषणही तेव्हाच करा आणि ते करताना वही शेजारी ठेवा. ज्या खेळीपाशी वहीत ‘भीती नाही’ असे लिहिले आहे आणि इंजिन मात्र मोठी घसरण दाखवते, ती स्थिती वेगळ्या पानावर उतरवून घ्या आणि पुढच्या डावाआधी पटावर मांडून पाहा.