मदत हवी आहे: जुनी डायना २५, छऱ्याची बंदूक

मंडळी, नमस्कार.

मिरजेच्या घराचा माळा साफ करताना आजोबांची छऱ्याची बंदूक हाती लागली. जर्मन डायना, मॉडेल २५. पोरांना नेम शिकवायला घेत त्यातली, हलकी, नळी सांध्यात खाली वाकवून स्प्रिंग ताणायची. सिलिंडरच्या मागच्या टोकाला बारीक ठसा आहे, ०३ ६४. म्हणजे बहुधा मार्च १९६४ ची. लाकूड सुंदर आहे, त्यावरचं पॉलिश काचकागद मारून घालवायची माझी मुळीच इच्छा नाही.

अडचण दमाची आहे. छरा दहा पावलांवरच्या पुठ्ठ्यातही घुसत नाही आणि नळीच्या सांध्यातून फुस्स हवा जाते. पिस्टनची आणि सांध्याची, दोन्ही चामडी वॉशर वाळून लाकडासारख्या झाल्यात. आधी तेलात मुरवून बघू का? कोणतं तेल, एरंडेल चालेल? सायकल पंपाची चामडी वाटी कापून बसवलीय का कोणी?

दुसरं, २५ आणि तिचाच प्रकार २५ डी यांतला फरक न उघडता कसा ओळखायचा? डीच्या चापात पोलादी गोळ्या असतात, उघडताना त्या घरंगळल्या तर शोधत बसावं लागेल. स्प्रिंग आत दाबलेली असते, त्यामुळे ती दाबून धरणाऱ्या क्लॅम्पशिवाय हात लावणार नाही. तो घरी कसा बनवलात? फोटो टाका.

परवान्याची चर्चा नको, .१७७ बोअर (नळीचं छिद्र .१७७ इंच) आणि छऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आतली आहे, २०१६ च्या शस्त्र नियमांत बसते.

पुणे-कोल्हापूरकडे जुन्या एअरगनवर हात बसलेला कारागीर माहीत असेल तर नक्की सांगा. नळीवरचा गंज मात्र त्याने घासून चकचकीत करू नये.