पुण्यातले जुने आड राखायचे की बुजवायचे?

पेठकर: शेजारचा वाडा पाडला आणि त्याच राडारोड्याने आड बुजवला. कुणी हूं की चूं केलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नळ कोरडे पडले. तेव्हा पेठांची तहान भागवली ती वाड्यांतल्या आडांनी आणि पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून आणलेल्या नळाच्या हौदांनी. आजही शहराची मुख्य भिस्त खडकवासल्यावरच. महापालिकेने उरलेल्या विहिरी नोंदवाव्यात आणि बुजवणाऱ्याचं बांधकाम थांबवावं.

सिंहगडरोडवाली: १९६१ चे गोडवे पुरे. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा संशय नांदेड गावातल्या विहिरीवरच गेला. पुण्याखाली काळा कातळ आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. ड्रेनेज गळलं की मैलाही त्याच वाटेने उतरतो. असलं पाणी आणीबाणीत पाजणार?

पेठकर: मग ड्रेनेज दुरुस्त करा की! विहीर बुजवून मैला कुठे जातो?

सिंहगडरोडवाली: कुठेच जात नाही, पण निदान कुणी पीत तरी नाही.

मुठाकाठ: ४० लाख माणसं धरा, पिण्या-रांधण्याला माणशी ५ लिटर. झाले २ कोटी लिटर. महापालिका रोज दीडशे कोटी लिटरहून जास्त उचलते. म्हणजे संकटात लागेल ते दीड टक्क्याहूनही कमी. एवढं विहिरींतून निघेल, फक्त उपसा चालू हवा. बागांना, बांधकामाला हेच पाणी द्या. पडून राहिलं की शेवाळतं.

बांधकामवाला: जागा मालकाची. मधोमध आड ठेवला तर पार्किंग कुठे काढायचं? बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) द्या, कुणी नाही म्हणणार नाही. फुकटात वारसा जपा म्हणणाऱ्यांचा स्वतःचा प्लॉट नसतो, हेही सांगून टाकतो.

पेठकर: टीडीआरला माझी हरकत नाही.

सिंहगडरोडवाली: माझी आहे. टीडीआर एकदाच घेणार, पाणी कायम तपासावं लागणार. ते कोण करणार? दर महिन्याचा अहवाल विहिरीशेजारी फलकावर लावा, जंतू सापडले तर तेही लिहा. तेवढं होईपर्यंत माझं मत बुजवण्याच्याच बाजूने.